कोरणीला कुलूप नको



गेल्या पंधरवड्यात मोरा येथून एका भगिनीचे पत्र आले. मोरा म्हणजे उरणचे बंदर. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच सुमारे तासाभरात येथे पोहोचते. ओहोटी मोठी असली की गाळामुळे तिला धक्क्याला लागणे कठीण होते आणि उतारूंना भरतीची वाट पाहावी लागते. पत्रलेखिकेच्या अनुमतीने, पण तिचे नाव न देता, त्या पत्राचा सारांश येथे देत आहे. कारण त्यातील प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

तिचे सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे. घरातील सारे त्यांना 'नाना' म्हणतात. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकविली. दोन वर्षांपूर्वी सहधर्मचारिणी गेली आणि नाना अबोल झाले. मग एके दिवशी त्यांनी माळ्यावरची जुनी पेटी उतरविली. तीत लिनोलियम कोरण्याची हत्यारे होती. धक्क्यावरच्या लाँचचे एक चित्र त्यांनी कोरले, त्याच्या वीस प्रती छापल्या. उरणच्या बाजारातील एका दुकानदाराने चार प्रती विक्रीस ठेवून घेतल्या आणि महिन्यात तीन गेल्या. "ते पैसे त्यांनी मोजून माझ्या हातात दिले, तेव्हा दोन वर्षांत प्रथमच ते हसले," असे सूनबाई लिहितात. पुढे एका दुपारी हत्यार निसटले व डाव्या तळहातात शिरले. नानांना हृदयविकारामुळे रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे, रक्त थांबेना. टाके पडले. त्या रात्री मुलाने हत्यारांची पेटी कपाटात टाकून कुलूप लावले. जखम भरून आली, परंतु नाना आता दिवसभर खिडकीशी बसून असतात.

पत्राच्या अखेरीस त्या विचारतात, "आम्ही त्यांच्या जिवासाठीच हे केले ना? मग घरात सुतक असल्यासारखे का वाटते?"

ताई, या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी नानांच्या पेटीत नेमके काय होते, ते आपण सर्वांनी समजून घेऊ.

जवसाच्या तेलातून जन्मलेली कला

लिनोलियम हा पदार्थ इंग्लंडमधील फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६०च्या दशकात तयार केला, तो घरातील जमिनीवर अंथरण्यासाठी. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते. त्यात बुचाच्या झाडाच्या सालीचा भुसा, राळ इत्यादी मिसळून तागाच्या कापडावर त्याचा थर देतात. लॅटिन भाषेत जवसाला 'लिनुम' व तेलाला 'ओलेउम' म्हणतात. त्यावरून हे नाव पडले. ज्या जवसाची चटणी आपण पथ्य म्हणून आवर्जून पानात वाढतो, तेच हे जवस. बाजारात आज सर्रास मिळणारी प्लास्टिकची चादर मात्र लिनोलियम नव्हे. कोरण्यासाठीचे लिनोलियम चित्रकला साहित्याच्या दुकानातूनच घ्यावे.

लाकडाला रेषा असतात, त्या हत्याराला अडवितात. लिनोलियमला रेषा नाहीत. कोरणी कोणत्याही दिशेने सारखीच चालते. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभापासून चित्रकारांनी हा स्वस्त पदार्थ आपलासा केला. कृती सोपी आहे. चित्र लिनोलियमवर उलटे उतरवायचे. जो भाग पांढरा हवा, तो कोरून काढायचा. उरलेल्या उंच भागावर रबरी रोलरने शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि पाठीमागून लाकडी चमच्याने घासायचे. यंत्र लागत नाही. शाळेत भेंडी वा बटाटा कापून आपण ठसे उमटवीत असू, त्याचेच हे प्रौढ रूप. अक्षरे उलटी कोरावयास विसरलेला नवशिका आपले नाव आरशात वाचतो, हा अनुभव मात्र प्रत्येकाला एकदा येतोच.

या माध्यमाचे सामर्थ्य पाहावयाचे असेल, तर शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांनी १९३० साली केलेले 'बापूजी' हे चित्र आठवावे. काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषांत काठी घेऊन निघालेले गांधीजी. दांडीयात्रेचे ते चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाठ्यपुस्तकात वा भिंतीवर पाहिलेले आहे, तो लिनोकटच. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला मोऱ्यापासून फारशा दूर नसलेल्या चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाला व गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. उरण परिसरातील वृद्धांना त्या चित्रातील काठीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

करमणूक की काम?

नानांच्या घरात झालेली चूक हत्यारे काढून घेण्यापाशी सुरू झाली नाही. ती त्याआधीच झाली होती. "नानांना बरा टाइमपास सापडला," असे घरात म्हटले जात असे, हे पत्रातच आले आहे. करमणूक धोकादायक ठरली तर ती थांबविणे स्वाभाविक वाटते. परंतु काम धोकादायक ठरले, तर आपण काम थांबवीत नाही. ते सुरक्षित कसे करता येईल, याचा विचार करतो. स्वयंपाक करताना गृहिणीचा हात भाजला म्हणून कोणी स्वयंपाकघराला कुलूप लावत नाही.

मुद्राचित्र हे मुळातच विकण्यासाठी, म्हणजे दुसऱ्याच्या घरी जाण्यासाठी निर्माण होते. एकाच ठशातून अनेक प्रती निघतात, त्या याचसाठी. आपल्या महाराष्ट्राला याची मोठी परंपरा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात चित्रशाळा निघाली आणि तिच्या छापील चित्रांनी घरोघरच्या भिंती सजल्या. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. ज्या लक्ष्मीच्या व सरस्वतीच्या तसबिरीसमोर आपल्या आज्या निरांजन लावीत, त्या अनेकदा याच छापखान्यातून आलेल्या असत. ज्यांना मूळ तैलचित्र घेणे स्वप्नातही शक्य नव्हते, त्यांच्या घरी छापामुळे चित्र पोहोचले.

लिनोकटच्या बाबतीत हाच विचार अधिक निष्ठेने जगला तो चित्तप्रसाद भट्टाचार्य यांनी. त्यांचा जन्म १९१५ सालचा, बंगालमधील नैहाटीचा. १९४३च्या दुष्काळात मेदिनीपूर जिल्ह्यातून फिरून त्यांनी 'हंग्री बेंगॉल' ही पुस्तिका सिद्ध केली, ती ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळली. १९४६ पासून ते मुंबईत आले आणि अंधेरी येथे एका लहानशा जागेत राहून लिनोलियम कोरीत राहिले. चहाच्या दुकानात कपबशा धुणारी, बूट पुसणारी, ओझी वाहणारी मुले त्यांनी कोरली. 'परीकथेविना देवदूत' अशा आशयाचे नाव असलेली ही चित्रमाला पुढे १९६९ साली युनिसेफच्या डॅनिश समितीने प्रसिद्ध केली. आपल्या चित्रांवर क्रमांक घालणे, ती दुर्मिळ वस्तू म्हणून विकणे त्यांना मानवत नसे. चित्र स्वस्त असावे, पुष्कळांच्या हाती जावे, हा त्यांचा आग्रह. त्या आग्रहाची किंमतही त्यांनी मोजली. आर्थिक ओढाताणीत दिवस काढून १९७८ साली कोलकाता येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांना बाजारात मोल आले ते पुष्कळ नंतर.

हे येथे सांगण्याचे कारण असे की, कलावंताने काम करणे आणि त्या कामाचे योग्य दाम त्याला मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उतारवयात त्या दोन्हींची गरज असते. पेन्शन पुरेशी असली, तरी आपल्या हातच्या वस्तूला अनोळखी माणूस खिशातून पैसे काढून देतो, यात जी मान्यता आहे, ती घरच्या कौतुकात नसते. नाना हसले ते तीन चित्रांच्या पैशांमुळे नव्हे. आपण अजून कोणाच्या तरी उपयोगी आहोत, या प्रत्ययामुळे.

सत्तरीनंतरचे हात

"पण या वयात?" असे काही वाचक म्हणतील. त्यांच्यासाठी दोन उदाहरणे.

आंरी मातिस या फ्रेंच चित्रकारावर १९४१ साली पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरचा बराच काळ अंथरुणात व चाकाच्या खुर्चीत गेला. तरीही १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या 'पासिफे' या ग्रंथासाठी त्यांनी लिनोकट केले. काळ्यावर एका सलग पांढऱ्या रेषेत उमटलेली ती चित्रे चौऱ्याहत्तरीच्या माणसाची आहेत.

दुसरे पाब्लो पिकासो. १९५८ पासून पुढची चार-पाच वर्षे, म्हणजे सत्त्याहत्तरीच्या आसपास, ते लिनोकटमध्ये रमले. त्यामागचे कारण मोठे व्यावहारिक होते. ते दक्षिण फ्रान्समध्ये राहत. नावाजलेले मुद्रक दूर पॅरिसला. लिनोलियम मात्र घरी बसून कोरता येई. व्हालोरिस या गावचा हिदाल्गो आर्नेरा हा मुद्रक ते ठसे नेई, छापून दुसऱ्या दिवशी आणून दाखवी. एकच तुकडा टप्प्याटप्प्याने कोरीत त्यावरच वेगवेगळे रंग छापण्याची पद्धत पिकासोंनी याच काळात हाताळली. तीत मागे फिरणे नाही. एकदा कोरलेले परत भरता येत नाही.

वाचकहो, यातील आर्नेराकडे लक्ष द्यावे. पिकासोसारख्याने देखील सारे काम स्वतः केले नाही. त्यांनी कोरले, छापले दुसऱ्याने. प्रत्येक घरात असा एक आर्नेरा लागतो. ज्येष्ठाने चित्र काढावे व कोरावे, शाई लावून घासण्याचे कष्टाचे काम नातवाने करावे. किंवा हात कापत असल्यास उलट करावे; आजोबांनी रेखाटावे, नातीने कोरावे, छापताना आजोबांनी शाईची मात्रा ठरवावी. चित्र आजोबांचेच राहते.

हात, डोळे आणि रक्त

आता या कामातील धोके व त्यांवरील उपाय पाहू. हे उपाय शिवणकाम, विळीवरचे काम, सुतारकाम करणाऱ्या ज्येष्ठांनाही लागू आहेत.

*पकड.* उतारवयात अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजतो. चिमटीत बारीक वस्तू घट्ट धरली की तेथे कळ येते. म्हणून कोरणीची मूठ जाड करावी. सायकलच्या हँडलची रबरी मूठ किंवा गुंडाळलेली कापडी पट्टीही चालते. लिनोलियम थंडीत कडक होते. ते दहा मिनिटे उन्हात किंवा गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवले की मऊ होते व जोर कमी लागतो. हातही तसेच कोमट पाण्यात बुडवून शेकावेत. मधुमेह असेल तर पाण्याची उष्णता दुसऱ्याने तपासावी. रबरासारखे मऊ ठोकळेही मिळतात. दुर्बळ हातांना ते सोयीचे. सकाळी उठल्यावर बोटे तासाभराहून अधिक आखडलेली राहत असतील किंवा सांधे सुजत असतील, तर ती केवळ वयाची झीज समजू नये. वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

*हत्यार.* बोथट हत्यार धारदार हत्याराहून धोक्याचे, कारण त्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ते निसटते. धार वरचेवर लावावी. नानांच्या बाबतीत हेच घडले असावे. पेटी कित्येक वर्षे माळ्यावर होती. कोरणीची दिशा नेहमी अंगापासून दूर असावी आणि दुसरा हात नेहमी कोरणीच्या मागे. यासाठी एक साधी फळी करून घ्यावी. तिच्या एका कडेला खालच्या बाजूने पट्टी ठोकावी, म्हणजे ती टेबलाच्या काठाला अडकते. समोरच्या कडेला वरच्या बाजूने पट्टी ठोकावी, म्हणजे लिनोलियम तिला टेकून स्थिर राहते. कोणताही सुतार अर्ध्या तासात ती करून देईल. धरणाऱ्या हातात, स्वयंपाकघरासाठी मिळतो तसा, कापण्यापासून संरक्षण देणारा हातमोजा घालावा.

*रक्त.* रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना जखमेतून अधिक वेळ रक्त वाहते. या कारणाने गोळी मनाने बंद करू नये. त्यात जिवाला अधिक धोका आहे. जखम झाल्यास स्वच्छ कापडाने थेट तिच्यावर दहा मिनिटे सलग दाब द्यावा, मधून उघडून पाहू नये, हात छातीहून उंच धरावा. तेवढ्याने रक्त थांबले नाही तर रुग्णालय गाठावे. खोल जखमेत हळद वा कॉफीची पूड भरू नये. बोट वाकेनासे झाले किंवा बधिर वाटू लागले, तर स्नायुबंध वा मज्जातंतू कापला गेल्याची शंका असते. त्याच दिवशी शल्यचिकित्सकाला दाखवावे. धनुर्वाताची लस केव्हा घेतली, याची नोंद घरात असावी. मधुमेहींच्या बोटांची संवेदना कमी झालेली असू शकते. काम आटोपल्यावर उजेडात दोन्ही हात नीट तपासावेत.

*कंप.* हात थरथरत असेल, तर आधी त्याचे कारण वैद्यांकडून समजून घ्यावे. कंपवात असलेल्या किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेल्या व्यक्तीच्या हाती धारदार हत्यार द्यावे की नाही, हे डॉक्टर व व्यवसायोपचार तज्ज्ञ यांना विचारूनच ठरवावे. पण नकार हत्याराला असावा, चित्राला नसावा. रोलर फिरविणे, कागद निवडणे, प्रती मोजणे ही कामे तेव्हाही राहतात.

*डोळे.* वय वाढते तसा डोळ्याला अधिक प्रकाश लागतो आणि चकाकीचा त्रासही अधिक होतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याने डावीकडून प्रकाश येईल असे बसावे, म्हणजे हाताची सावली रेषेवर पडत नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठावे, मान सैल करावी, दूर पाहावे. मोऱ्याच्या धक्क्यावरून दूर पाहावयास घारापुरी आहेच.

*शाई.* पाण्यात धुता येणारी शाई घरासाठी उत्तम. तेलशाई वापरल्यास घासलेट वा टर्पेंटाइनऐवजी आधी खाद्यतेलाने व मग साबणाने रोलर पुसावा. श्वासाचा विकार असलेल्यांनी हे कटाक्षाने पाळावे. एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून टोपलीत टाकल्या, तर तेल सुकताना उष्णता साठून त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून मग टाकाव्यात.

दाम कसे ठरवावे

ज्येष्ठ कलावंत बहुधा दोन चुका करतात. एक तर संकोचाने फुकट वाटतात, नाहीतर भावनेच्या भरात न परवडणारी किंमत सांगतात. किंमत वहीत मांडून काढावी.

समजा, वीस प्रती छापल्या. कागद, शाई, लिनोलियम व वाया गेलेल्या प्रती मिळून खर्च १,२०० रुपये आला. म्हणजे प्रतीमागे ६० रुपये. रेखाटन, कोरणे व छापणे यांस वीस तास लागले. आपल्या श्रमाचे तासाला १५० रुपये धरले, तर ३,००० रुपये, प्रतीमागे १५०. एकूण २१०. दुकानदार विक्रीच्या एक-तृतीयांश रक्कम घेत असेल, तर विक्रीची किंमत ३१५ ठेवावी. १०५ त्याचे, २१० आपले. घरी येऊन कोणी घेतले, तरी किंमत ३१५च सांगावी. घरी स्वस्त व दुकानात महाग, असे झाले की दुकानदार पुन्हा माल ठेवत नाही.

छापील चित्राच्या खालच्या पांढऱ्या पट्ट्यात पेन्सिलीने डावीकडे क्रमांक लिहितात. '३/२०' म्हणजे वीसपैकी तिसरी प्रत. मध्ये चित्राचे नाव, उजवीकडे सही. वीस म्हटले की वीसच छापाव्यात. हा ग्राहकाला दिलेला शब्द आहे. चित्तप्रसादांप्रमाणे ज्याला क्रमांक घालावयाचा नसेल, त्याने खुशाल घालू नये आणि चित्र स्वस्त विकावे. मात्र कोणता मार्ग धरला, हे आरंभीच ठरवावे. कागद हातकागद असावा. तो शाई चांगली धरतो व टिकतो. पुण्यात हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी तो मिळतो. तसबीर करून विकू नये. काच फुटते, वजन वाढते. दोन पुठ्ठ्यांत सपाट बांधून द्यावे.

विक्रीची पहिली जागा जवळचीच बरी. पुस्तकांचे वा भेटवस्तूंचे दुकान, शाळेचे स्नेहसंमेलन, गणेशोत्सवातील प्रदर्शन. पुढे उत्साह व बळ असेल, तर भाऊच्या धक्क्याला उतरून काळा घोड्यापर्यंत जावे. तेथे जहांगीर कलादालनाबाहेरच्या पदपथावर चित्रकार आपली चित्रे मांडून बसतात. विकत घेणारा नसला, तरी समव्यवसायी भेटतो, आणि तेही औषधच आहे.

एक सावधगिरी मात्र कटाक्षाने घ्यावी. भ्रमणध्वनीवर "तुमची दहा चित्रे घेतो, पैसे पाठवितो, फक्त हा संकेत स्कॅन करा, पिन टाका," असे कोणी म्हणाले, तर तो ग्राहक नव्हे. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. फसगत झालीच तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या सरकारी सायबर साहाय्य क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

ताई, आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. तुमच्या यजमानांनी कुलूप लावले, ते भीतीपोटी. वडिलांचे रक्त जमिनीवर सांडलेले ज्याने पाहिले, त्याला दोष देणे मला जमणार नाही. पण त्या दिवशी नानांच्या हाताला झालेली जखम टाक्यांनी भरली. दुसरी, जी कुलुपाने झाली, ती अजून उघडी आहे. आपल्याला न विचारता आपली हत्यारे काढून घेतली गेली, हा अनुभव माणसाला एका रात्रीत म्हातारा करतो.

म्हणून असे करावे. किल्ली मुलानेच नानांच्या हाती द्यावी. तुम्ही मध्यस्थी करू नये. "मला भीती वाटली होती," एवढे त्याने मोकळेपणाने सांगावे. मग दोघांनी मिळून कामाचे नियम लिहावेत. नाना आयुष्यभर शिक्षक होते. वर्गाचे नियम त्यांनीच लिहू द्यावेत. कोरण्याचे काम घरात दुसरे माणूस असतानाच. सलग अर्ध्या तासाहून अधिक नाही. दुपारी डोळ्यांवर झापड असताना नाही. हातमोजा व फळी यांशिवाय नाही. हृदयरोगतज्ज्ञांना पुढच्या भेटीत या कामाची स्पष्ट कल्पना द्यावी. लाँचला भरतीची वेळ पाळावी लागते, म्हणून मोऱ्याची वाहतूक कोणी बंद केली नाही. हाताच्याही वेळा असतात. त्या ओळखून काम करावे.

आणि तुमच्याविषयी एक शब्द. दोन वर्षे एका अबोल माणसाजवळ राहून त्याचे जेवणखाण, औषधे, इस्पितळ सांभाळणे सोपे नाही. नाना दिवसातून दोन तास आपल्या कामात असतील, तर ते दोन तास तुमचे आहेत. ते अपराधी न वाटता घ्यावेत.

शेवटी एक विनंती, तुम्हाला आणि ज्यांच्या घरी असा कलावंत आहे त्या सर्वांना. नवे चित्र छापून होईल, तेव्हा "आम्हाला एक द्या ना," असे म्हणून प्रत मागू नये. दुकानात जी किंमत आहे, ती मोजून पहिली प्रत घरच्यांनी विकत घ्यावी. नाना नाही म्हणतील, रागावतीलही. तरी पैसे त्यांच्या हातावर ठेवावेत आणि पावती मागावी. ती पावती लिहिताना त्यांचा हात कसा चालतो, ते मला पुढच्या पत्रात अवश्य कळवावे.